ब्राउव्हर हे आडनाव नव्हे

अण्णांनी त्या पुतळ्याला पहिल्यांदा नमस्कार केला तेव्हा मी दोन पावलं मागे होते आणि माझ्या हातात भाजीची पिशवी होती. खोटं बोलायचा माझा काही बेत नव्हता. घरी जाऊन पालक निवडायचा आणि दुपारच्या मीटिंगला वेळेत बसायचं, एवढंच डोक्यात होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. आई गेल्यावर दोन वर्षांनी, माझ्या शंभर विनवण्यांनंतर, ते तीन महिन्यांसाठी नेदरलँड्सला आले. आपली माणसं राहतात ती बहुतेक अ‍ॅमस्टेलव्हीनला. आम्ही मात्र घर परवडलं म्हणून या लहानशा जुन्या गावात येऊन पडलोय. नवरा सकाळी ट्रेननं द हेगला जातो, मी घरून काम करते ते खोलीचं दार लावून. अण्णांना दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. त्यांनी मग पुतळा गाठला.

आमच्या गल्लीच्या टोकाला कालव्याकाठी एवढीशी बाग आहे. तिथे चौथऱ्यावर एका गृहस्थांचा अर्धपुतळा आहे. गालभर कल्ले, पोटावर ताणलेली कोटाची बटणं, आणि चेहरा असा की आत्ताच कुणावर तरी ओरडून आलेत. नावाच्या ओळीवर आयव्हीचा वेल चढलेला होता. खालचे दोन शब्द तेवढे दिसत होते, ब्राउव्हर आणि बर्गमेस्टर.

"हा दुसरा शब्द काय गं?" अण्णांनी विचारलं.

"नगराध्यक्ष. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणी होती ना, त्या काळातले. गावात नळाचं पाणी यांनी आणलं म्हणतात."

"आणि ब्राउव्हर हे आडनाव," अण्णा म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं, ठरवून टाकलं होतं. मग त्यांनी चप्पल काढून हात जोडले. "गावाला पाणी पाजणारा माणूस. मोठा माणूस."

मी "हं" म्हटलं.

आता, ब्राउव्हर हे आडनाव इथे पोत्यानं सापडतं, आपल्याकडे सुतार नि कुंभार सापडतात तसं. त्यामुळे माझं "हं" अगदीच खोटं नव्हतं असं मी स्वतःला बरेच दिवस बजावलं. पण त्या दगडावर ते आडनाव नव्हतं. तो धंदा होता. ब्राउव्हर म्हणजे बिअर बनवणारा.

मी हे का बोलले नाही ते कळायला अण्णा माहीत हवेत. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, हातभट्टीची पिऊन पस्तिशीच्या आत गेला. तेव्हापासून अण्णांनी शाळा सांभाळून दुसरं एकच काम केलं, तालुक्यातली दारूची दुकानं बंद पाडायचं. आपल्याकडे गावातल्या बायकांनी मागणी केली तर दुकानासाठी मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. अण्णा सायकलवरून वाड्यावस्त्यांवर जाऊन बायकांना बाटली आडवी कशी ओळखायची ते शिकवत. चार गावांत बाटली आडवी झाली. एकदा भाड्याच्या माणसांनी त्यांना बांधावर गाठून मारलं, त्याची खूण अजून त्यांच्या कपाळावर आहे. माझ्या चुलतभावानं पुढे हायवेला परमिट रूम काढली, तर अण्णा त्याच्या लग्नाला गेले नाहीत, मुलाच्या बारशाला गेले नाहीत. त्याच्या दारावरून जायची वेळ आली तर मान वळवत. पंधरा वर्षं झाली, अजून बोलत नाहीत.

आणि मी बिअरच्या कंपनीत नोकरी करते.

सहा वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा अण्णांनी फोनवर विचारलं होतं, "कसली कंपनी?" मी म्हटलं, "धान्याची." शेतातून निघालेले बार्लीचे ट्रक कारखान्यात कधी पोचतात, याचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. म्हणजे धान्य होतंच त्यात. आई हयात होती तोवर तिला खरं ठाऊक होतं. ती म्हणायची, "सांगू गं सावकाश, आधी त्यांचं बीपी उतरू दे." बीपी काही उतरलं नाही आणि आईच गेली. मग सांगायचं राहिलं ते राहिलंच. मी मूळची भित्री नाही. ऑफिसात मी मॅनेजरशी टेबल आपटून भांडलेली आहे. पण अण्णा माझ्या दारावरून मान वळवून जातील ही कल्पना आली की मी फोनवर हवापाण्याचं बोलायला लागायचे.

पुतळ्याशी अण्णांची मैत्री वाढत गेली. रोज सकाळी मफलर गुंडाळून ते बागेत जायचे, बाकावर बसून मराठी पेपर मोबाइलवर वाचायचे आणि परत येऊन बातमी द्यायचे, "ब्राउव्हरसाहेबांच्या डोक्यावर आज बगळा होता." नवरा हसू दाबायला बाथरूममध्ये जायचा. "तू सांगून टाक," तो मला म्हणायचा. "नाहीतर एक दिवस अण्णा घरात फोटो लावतील, आणि रोज हार मला आणावा लागेल."

फोटो लावला नाही, पण घोडं दुसरीकडेच अडलं. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळानं इथे आलेल्या आईवडिलांसाठी एक रविवार ठेवला होता. ज्यांना बोलायचं असेल त्यांनी पंधरा मिनिटं बोलावं. कुणी गाणार होतं, कुणी अमरनाथ यात्रेचं सांगणार होतं. अण्णांनी फोन करून परस्पर विषय दिला, 'गावाला पाणी देणारे ब्राउव्हरसाहेब'. आणि मला म्हणाले, "त्यांचं चरित्र मिळव कुठून तरी. मी ऐकीव गोष्टींवर बोलत नाही."

चरित्र मिळवणं कठीण नव्हतं. आमच्या गावात, त्यांच्याच जुन्या कारखान्याच्या दोन खोल्यांत, शनिवारी उघडणारं एक संग्रहालय आहे. तिथे बसणाऱ्या निवृत्त बाईंनी मला आठ पानांची डच पुस्तिका दिली, वर कॉफी पाजली. मी ती घरी आणून अण्णांसाठी मराठीत केली. म्हणजे, केली असं मी म्हणते. बिअर हा शब्द जिथे जिथे आला तिथे मी तो उपटून काढला, तांदळातले खडे काढावेत तसा.

माझ्या मराठी प्रतीत आलं ते असं. साहेब कालव्याकाठच्या एका लहान कारखानदाराचे थोरले चिरंजीव. वडील अकाली गेले, आईनं कारखाना चालवला, आणि विसाव्या वर्षी यांनी हातात घेतला. वाफेचं इंजिन आणलं, चिमणी बांधली, माल आगगाडीनं दूरदूर जाऊ लागला. श्रीमंत झाले, कालव्यावर अकरा खिडक्यांचं घर बांधलं. त्या काळी लोक कालव्यातच घाण टाकत आणि त्याच कालव्याचं पाणी पीत. पटकीची साथ आली की गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडत. कारखान्याला मात्र चांगलं पाणी लागे, म्हणून ते वाळूच्या टेकड्यांकडून होड्यांनी येई. एका साथीत साहेबांनी कारखान्याच्या फाटकाला तोटी लावली आणि गावाला सांगितलं, या आणि भरून न्या. पुढे ते नगराध्यक्ष झाले. नळ टाकायला नगरपालिकेतल्या जमीनदार सभासदांचा विरोध होता, गरिबांना कालवा पुरतो असं त्यांचं म्हणणं. साहेब अकरा वर्षं भांडले. स्वभाव तापट, सभेत टोपी फेकून निघून जात, दुसऱ्या दिवशी टोपी घ्यायला परत येत आणि तिथूनच पुन्हा भांडण सुरू करत.

अण्णांना टोपीचं फार आवडलं. ते दोनदा वाचून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "पण कारखाना कशाचा?"

"धान्यावर प्रक्रिया करायचा," मी म्हटलं. "बार्ली भिजवायची, मोड आणायचे, भाजायची."

"मोड आणून?" अण्णा खूश झाले. "म्हणजे आपलं नाचणीचं सत्त्व करतात तसं. जवाचं सत्त्व. पौष्टिक असतं ते." त्यांनी वहीत लिहून घेतलं, 'जवाच्या सत्त्वाचा कारखाना'. आणि वर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्याच क्षेत्रातला माणूस निघाला की."

त्या वाक्यानं मी पुरती गळाठले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. असं कौतुक त्यांनी दहावीच्या निकालानंतर केलं नव्हतं. आणि ते सगळंच्या सगळं एका जवाच्या सत्त्वावर उभं होतं. अ‍ॅमस्टेलव्हीनच्या हॉलमध्ये साठ-सत्तर मराठी माणसं बसणार, त्यांतल्या अर्ध्यांना ब्राउव्हर म्हणजे काय ते ठाऊक असणार, आणि माझे वडील उभे राहून साहेबांच्या पौष्टिक सत्त्वाबद्दल बोलणार. लोक हसतील. अण्णा विचारतील, हसताय का. आणि मग कुणीतरी सांगेल. या विचारानं दोन दिवस माझं कामात लक्ष लागलं नाही.

तरीही, खरं सांगायचं तर, मी शेवटी तोंड उघडलं ते लोक हसतील या भीतीनं नव्हे. ते उघडलं पुस्तिकेच्या सहाव्या पानामुळे. ते पान मी अख्खं गाळलं होतं, कारण त्यातून बिअर काढली तर उरत काहीच नव्हतं. शुक्रवारी दुपारी मी ते पुन्हा वाचलं.

साहेबांच्या कारखान्यात कामगारांना मजुरीबरोबर रोज बिअरचे मग मिळत. सकाळी, दुपारी, सुटताना. तशी रीतच होती. कामगारांच्या बायका एकदा फाटकावर आल्या. म्हणाल्या, हे बिअरचे मग बंद करा, त्याबदली पाव द्या, माणसं घरी येतात ती आम्हाला ओळखत नाहीत. साहेबांनी त्यांना हाकलून दिलं. ज्यानं गावाला पाणी दिलं त्यानंच हाकलून दिलं. बायका दर वर्षी येत राहिल्या आणि साहेब दर वर्षी ओरडत राहिले. शेवटी एका हिवाळ्यात त्यांचा पिंपं बनवणारा एक जुना कामगार काम सुटल्यावर प्यालेला घरी जाताना कालव्यात पडून मेला. साहेब त्याच्या शवपेटीमागून चालत गेले, सगळं गाव बघत असताना. दुसऱ्या दिवशी कारखान्यात बिअरचे मग आले नाहीत, कॉफीच्या किटल्या आल्या. आणि साहेब स्वतः फाटकावर जाऊन त्या बायकांना म्हणाले की मी तुमचं आधी ऐकायला हवं होतं.

मी ते पान घेऊन बसून राहिले. अण्णांनी आयुष्य घालवलं ते अशाच बायकांबरोबर. या माणसाबद्दल त्यांना जे सगळ्यांत जास्त हवं होतं तेच मी फेकून दिलं होतं. मला माझी लाज वाटली. गाळलेलं चरित्र साहेबांचं होतं आणि फसवणूक मात्र अण्णांची झाली होती.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर बागेत गेले. बाकावर बसले आणि एका दमात सांगितलं. "अण्णा, ब्राउव्हर आडनाव नाहीये. ब्राउव्हर म्हणजे बिअर बनवणारा. यांचा कारखाना बिअरचा होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

अण्णा पुतळ्याकडे बघत राहिले. कालव्यातून एक बदक आपल्या पिल्लांना घेऊन गेलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि तुझी बार्ली?"

त्यांनी इतिहास शिकवलाय. दोन आणि दोन त्यांना मांडून दाखवावे लागत नाहीत.

"बिअरचीच," मी म्हटलं. "सहा वर्षं."

"तुझ्या आईला?"

"माहीत होतं."

"जावईबापूंना?"

"हो."

"म्हणजे मलाच नव्हतं," अण्णा म्हणाले. ते उठले आणि घराच्या उलट्या दिशेनं चालायला लागले. मी मागे गेले नाही. ते तीन तासांनी परतले, बुटांना चिखल होता. आल्यावर हातपाय धुतले, मी वाढलं ते जेवले. भाजी कशी झालीय ते बोलले नाहीत, नाहीतर ते नेहमी बोलतात. जेवण झाल्यावर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ती पुस्तिका पुन्हा मराठीत कर," ते म्हणाले. "या वेळी काही गाळू नकोस."

दुपारभर बसून मी सगळी आठ पानं केली. त्यांनी ती घेतली, खोलीचं दार लावलं. उद्या येणार की नाही, बोलणार की नाही, मुक्काम अर्धवट टाकून परत जाणार का, मी काहीच विचारलं नाही. नवऱ्यानं गुपचूप विमानाच्या तारखा बघून ठेवल्या, ते मला नंतर कळलं.

रविवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा नेहरू शर्ट घालून गाडीत येऊन बसले. हॉलमध्ये साबुदाणा खिचडीचा वास, पोरांचा डच-इंग्रजी कलकलाट, आणि पहिल्या दोन रांगांत शाली पांघरलेले आईवडील. अमरनाथ यात्रा पंधरा मिनिटांच्या जागी पस्तीस मिनिटं चालली. मग अण्णांचं नाव पुकारलं.

त्यांनी वही उघडलीच नाही. "मी एका माणसाला महिनाभर रोज नमस्कार केला," त्यांनी सुरुवात केली. "ब्राउव्हरसाहेब म्हणून. काल मला कळलं की ब्राउव्हर हे आडनाव नव्हे. ते बिअर करायचे." हॉल खदखदून हसला. अण्णा हसू ओसरेपर्यंत थांबले, वर्गात थांबत तसे. मग त्यांनी साहेबांचं आयुष्य सांगितलं, काही न गाळता. होड्यांमधलं पाणी, फाटकाची तोटी, फेकलेली टोपी. हाकलून दिलेल्या बायकांचं सांगताना त्यांचा आवाज चढला. शवपेटीमागून चालण्याचं सांगताना उतरला. हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. मागच्या रांगेतल्या मुलांना कुणी गप्प केलं नव्हतं, तरी ती गप्प होती.

"मला हे माझ्या मुलीनं मराठीत करून दिलं," शेवटी ते म्हणाले. "ती बिअरच्या कंपनीत काम करते. मला सहा वर्षं माहीत नव्हतं. चूक तिची आहे. पण असं घडायला दोन माणसं लागतात, आणि दुसरा मी आहे."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मला जमिनीत जावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी उठून त्यांच्याजवळ जावंसंही वाटत होतं. मी खुर्चीतच बसून राहिले. प्रश्नांची वेळ आली तेव्हा एका तरुणानं विचारलं, "काका, म्हणजे आता तुमचं मत बदललं का?"

"दारूबद्दल नाही," अण्णा म्हणाले आणि खाली उतरले.

परतीच्या वाटेवर नवरा गाडी चालवत होता, अण्णा पुढे आणि मी मागे. दोन्ही बाजूंना सपाट हिरवी शेतं, मधूनच एखादी गाय. नीउ-व्हेनेपचा फाटा मागे पडल्यावर अण्णा समोरच बघत म्हणाले, "तुझी नोकरी मला आवडलेली नाही. ते तसंच राहील."

"हो, अण्णा."

"धाकटा प्यायला लागला तेव्हा मला चार वर्षं कळलं नव्हतं," ते म्हणाले. माझा काका त्यांच्या तोंडी नेहमी 'धाकटा' असतो. "माझ्या आईला ठाऊक होतं. तुझ्या आईला ठाऊक होतं. गड्यालासुद्धा ठाऊक होतं. मी घरात पाऊल टाकलं की सगळे मूग गिळून बसायचे, आणि मला वाटायचं, बघा, घरात किती शिस्त आहे. मला कळलं तेव्हा त्याला उचलून सातारच्या दवाखान्यात नेत होते. जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तेव्हासुद्धा तो मला म्हणाला, दादा, पोट बिघडलंय फक्त."

मी पुढच्या सीटच्या मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात असं कुणी करत नाही. त्यांनी तो काढला नाही.

"तू भ्यायलीस, पण सांगितलंस," अण्णा म्हणाले. "त्याला मी तेवढीही सोय ठेवली नव्हती."